संयोजक महोदय, आपली भिंत फार सुंदर होती

माननीय अध्यक्ष, संयोजन समिती,


आम्हा स्थापत्य अभियंत्यांची दोन दिवसांची परिषद आपण पार पाडलीत, त्याबद्दल अभिनंदन. ती ‘न भूतो न भविष्यति’ झाली, हे समारोपाच्या भाषणात आपण स्वतःच जाहीर केल्यामुळे वेगळे मत देण्याची सोय उरलेली नाही. तरी वर्गणी भरली आहे, तेव्हा चार ओळी लिहिण्याचा हक्क पोहोचतो असे समजतो. मी मागच्या बाजूला बसलो होतो. आपण मला पाहिले नसेल. मीही आपल्याला फारसे पाहिले नाही, कारण मध्ये व्हिडिओवाल्याचे मचाण होते.

पत्रिकेवर ‘संपूर्ण डिजिटल परिषद’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. त्याची प्रचिती नोंदणीपासूनच आली. आपण खास ॲप करून घेतले. ॲपला माझे नाव, हुद्दा, जन्मतारीख, छायाचित्र, घरचा पत्ता आणि रक्तगट हवा होता. रक्तगट कशाला, हे आधी उमगले नाही. जेवणाच्या काउंटरवरची रेटारेटी पाहिल्यावर दूरदृष्टी लक्षात आली. ज्या कामासाठी माहिती घ्यायची त्या कामाला लागेल तेवढीच घ्यावी, असे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सुचवतो. पण कायदे करणाऱ्यांनी आपली पुरी-भाजीची रांग पाहिलेली नाही.

मग ॲपने क्यूआर कोड दिला. दारातल्या मुलाने तो स्कॅन केला, मोबाइलकडे बघून ‘झालं सर’ म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवले. तिथे छापील यादी होती. यादी पहिल्या नावाने लावलेली, आणि टेबलावरची मुलगी प्रत्येकाला आडनाव विचारत होती. एक तास गेला. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी बनवला. त्या कारखान्यात एकदा स्कॅन झालेल्या नटबोल्टला पुढच्या टेबलावर ‘आडनाव काय?’ असे विचारत नसावेत.

बॅजबद्दलही आभार मानायला हवेत. त्यावर सिमेंट कंपनीचे बोधचिन्ह तळहाताएवढे होते आणि खाली माझे नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. पाट्या करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फुटांवरून सहज वाचता यावे तर अक्षर इंचभर उंच हवे. गप्पा मारताना माणसे पाच-सहा फुटांवर उभी असतात, म्हणजे अर्ध्या इंचाचे अक्षर पुरले असते. शिवाय एका दोरीला लटकलेला बॅज फिरतो आणि त्याची पाठ जगाला दाखवतो, हे दोलकाचे गणित येणाऱ्यांनी तरी ओळखायला हवे होते. दोन्ही बाजूंनी नाव छापायला अधिक शाई लागली असती, एवढाच काय तो खर्च. आपल्या योजनेचा परिणाम असा, की चहाच्या वेळी शेकडो अभियंते एकमेकांच्या पोटाकडे टक लावून बघत होते आणि त्यांना दिसत होते सिमेंट.

आणि ती भिंत! व्यासपीठामागची एलईडी भिंत मी विसरणार नाही. डोळ्यांसमोर अजून काजवे चमकतात. वक्ते बोलत असताना तिच्यावर प्रायोजकांच्या जाहिराती फिरत राहाव्यात, ही कल्पना कोणाची होती? भूस्खलनावर बोलणाऱ्या प्राध्यापकांच्या डोक्यामागून बाथरूमच्या टाइल्स सरकत होत्या. त्यांची स्लाइड दिसावी म्हणून भिंतीचा एक कोपरा उदारपणे सोडलेला होता. त्या कोपऱ्यात आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातला अख्खा तक्ता मावला, हे खरे. तो पहिल्या रांगेतल्यांनाही वाचता आला नाही, हेही खरे.

स्लाइडचा दोष सर्वस्वी आपला नाही, वक्त्यांचाही आहे. पण त्यांना आधी दोन ओळींची सूचना पाठवणे आपल्या हातात होते: एका स्लाइडवर एकच मुद्दा, अक्षर एवढे, तक्ता असेल तर छापून वाटा. हे केवळ डोळ्यांचे लाड नव्हेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. यान वर असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांना पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल स्लाइड दाखवल्या होत्या, आणि प्रत्यक्षातला तुकडा चाचण्यांमधल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठा होता, ही बाब एका स्लाइडच्या तळाशी बारीक टिंबाखाली पडून होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ती स्लाइड ओळीओळीने सोलून दाखवली. चौकशी मंडळानेही, तांत्रिक अहवाल लिहिण्याऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीबद्दल नासाला अहवालात सुनावले. आपल्याकडे यान नव्हते. पूल होते. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी आवाज. इथे जरा थांबावे लागेल, कारण एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, एवढाच परिषदेचा मूळ व्यवहार असतो. आपण दोन आडदांड स्पीकर व्यासपीठाच्या दोन बाजूंना उभे केलेत. पहिल्या रांगेतले सत्कारमूर्ती कानावर हात ठेवून बसले; आमच्यापर्यंत येता येता त्याच शब्दांचा काला होई. मागून कोणी ‘ऐकू येत नाही’ म्हणून ओरडले की साउंडवाला आवाज वाढवी. वाढवला की स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजे. शिट्टी वाजली की तो आवाज कमी करी. मग मागून पुन्हा कोणी ओरडे. दोन दिवसांत त्याने हे चक्र एकदाही चुकू दिले नाही. सत्कार खरे तर त्याचा व्हायला हवा होता.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, हे शाळेत शिकवतात. पुढच्या स्पीकरपासून १७ मीटर मागे दोन छोटे स्पीकर ठेवायचे आणि त्यांचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा सोडायचा. म्हणजे पुढून चालत आलेला आणि मागे नव्याने सोडलेला आवाज हातात हात घालून कानी पडतो. साधा डिजिटल मिक्सरही हे करतो. त्या सभागृहात या गुणाकार-भागाकारावर पोट भरणारी शेकडो माणसे होती, पण समितीतल्या एकानेही आदल्या संध्याकाळी मागच्या खुर्चीत बसून ‘वन टू थ्री’ ऐकले नाही.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे काही कळत नाही, म्हणून १८९५मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला कामाला लावले गेले. तिथे एका उच्चाराचा घुमारा पाच-साडेपाच सेकंद टिकत असे. पुढची डझनभर अक्षरे त्यावरच येऊन आदळत. सॅबिन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरेपर्यंत घड्याळ धरून बसे. सकाळी गाद्या परत. त्यातून निघालेले सूत्र आजही दालनाचा घुमारा मोजायला वापरतात. सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस गाद्या वाहून जे शिकला, ते आपल्याला हॉटेलच्या माणसाला फोन करून विचारता आले असते. निदान एवढे तरी कळले असते, की आपल्या आणि शेजारच्या दालनामधली भिंत सरकती आहे आणि पलीकडे त्या दिवशी साखरपुडा आहे. भूकंपरोधक बांधकामावरच्या बीजभाषणाला पलीकडच्या ढोलकीची साथ लाभली. तेवढा भाग मात्र सर्वांना स्पष्ट ऐकू आला.

माझ्या शेजारी एक ज्येष्ठ अभियंते बसले होते. हयात धरणांवर गेलेली, आता दोन्ही कानांत यंत्रे. त्यांनी पहिल्या तासाभरात यंत्रे काढून खिशात ठेवली, कारण ती शिट्टी वाढवून ऐकवत होती. गूगल स्लाइड्समध्ये २०१८पासून आणि पॉवरपॉइंटमध्ये त्यानंतर वर्षभरात अशी सोय आली आहे, की वक्ता बोलेल तसे शब्द पडद्यावर उमटतात. पुढे केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतराची सोय आली. डिसेंबर २०२३मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगमममध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण तिच्यामार्फत लगोलग तमिळमध्ये ऐकवले गेले. आपल्या मराठी-इंग्रजी मिसळीत ही यंत्रे अडखळतात, ‘कातर बल’चे काय करतील सांगवत नाही, पण चुकीचा उमटलेला शब्द अनुभवी माणूस दुरुस्त करून वाचतो, न ऐकलेला शब्द कुठून आणणार? याशिवाय दालनाभोवती तारेचे वेटोळे टाकून माइकचा आवाज थेट कानातल्या यंत्रात पोहोचवण्याची जुनी युक्ती आहेच. आपली ती प्रचंड भिंत अक्षरे दाखवू शकते, हे टाइल्सच्या नावांवरून सिद्ध झाले होते. ती वक्त्याची अक्षरेही दाखवू शकेल, हे कोणाच्या मनात आले नसावे.

व्यासपीठ अडीच फूट उंच होते, पायऱ्या चार. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या आपल्याच एका वक्त्यांनी खालूनच निबंध वाचला, आणि ते मागच्यांना दिसतील याची तसदी आपण घेतली नाहीत. एकास बारा हा उताराचा दर इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. अडीच फुटांना तीस फूट उतार लागतो, एवढी जागा हॉटेलात नव्हती, मान्य. मग व्यासपीठच फूटभर उंचीचे केले असते तर बारा फुटांत काम झाले असते. पण त्या उंचीवरून सत्कारमूर्तींचे बूट फोटोत नीट आले नसते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. त्या कायद्यान्वये इमारती सुगम कशा कराव्यात, यावर आपल्याच परिषदेत दुसऱ्या दिवशी एक सत्र होते. ते त्याच व्यासपीठावरून झाले.

एसीचे फक्त एवढेच: खोलीचे तापमान किती सुखाचे, याची जुनी गणिते चाळिशीतल्या सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीराला धरून केलेली आहेत, हे २०१५मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिले. आपण त्या पुरुषाला वर कोटही चढवलात. सुती साडीतल्या अभियंत्या दुपारी पार्किंगमध्ये ऊन खात उभ्या होत्या, म्हणून त्यांची सत्रे रिकामी दिसली. वाय-फायचा राग धरत नाही. ७ जून २०१०ला खुद्द स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत असताना नेट अडकले होते, कारण सभागृहात लोकांनी आपापली ५७० वाय-फाय केंद्रे सुरू केली होती; शेवटी त्यांना प्रेक्षकांना ती बंद करायची विनंती करावी लागली. फरक इतकाच, की त्यांनी वेळापत्रक, निबंध आणि जेवणाचे कूपन हे तिन्ही फक्त ॲपवर ठेवलेले नव्हते.

आता वेळ. उद्घाटन दहाला होते, ते प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकल्यामुळे अकरा वाजून गेल्यावर सुरू झाले. दीपप्रज्वलनाची समई विजेवरची होती आणि बटण दाबल्यावर लागली नाही, ही डिजिटल परिषदेची तांत्रिक बाजू. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, परिचयाचा परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. व्यासपीठावर अकरा खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीला दोन शब्द. दोन शब्दांचा सरासरी कालावधी काढण्याचे काम मी सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांवर सोपवतो.

याच पुण्यात लोक नाटकाच्या तिसऱ्या घंटेला खुर्चीत असतात. १९६८पासून बालगंधर्व रंगमंदिरात ती घंटा वाजते आहे. तिला ॲप नाही, चार्जिंग नाही, आणि तिच्यापुढे प्रमुख पाहुणेही गुपचूप अंधारात आपली रांग चाचपडतात. १८७५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला या शहराला माहीत आहे. एक वक्ता, एक विषय, समोर ऐकायला आलेली माणसे. तिकडे टोकियोत २००३मध्ये अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी पाहिले, की आपल्या व्यवसायातल्या माणसाच्या हाती माइक दिला की तो सोडत नाही. त्यांनी नियम केला: वीस स्लाइड, प्रत्येकीला वीस सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढे सरकणार. सहा मिनिटे चाळीस सेकंदांत विषय संपतो. ‘पेचाकुचा’ नावाने हा प्रकार जगभर गेला. त्यात यंत्र साधेच आहे. पण ते वक्त्याच्या हातातून काढून श्रोत्याच्या बाजूने उभे केले आहे. आपल्या परिषदेत एकही यंत्र असे उभे नव्हते. कॅमेरा, भिंत, स्पीकर, ड्रोनसुद्धा, सगळी व्यासपीठाच्या बाजूने.

उद्घाटनाने खाल्लेला वेळ कुठून तरी वसूल करावा लागतो. तो आपण चहाच्या सुट्टीतून आणि तरुणांच्या निबंधांतून केलात. चहाचे दुःख मोठे आहे. अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांनी वर्षभर राबून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, आणि शेवटी सर्वांचे एकमत झाले की सर्वांत उपयोगी काय असेल तर कॉफीच्या सुट्ट्या. ते रुसले नाहीत. १९८५मध्ये त्यांनी सुट्ट्यांसारखीच परिषद आखली: खुर्च्या गोलात, विषय आलेल्यांनी भिंतीवर लिहायचे, ज्याला जिथे रस तिथे त्याने जायचे. आपण उलटी सुधारणा केलीत. सुट्टीच कापलीत.

प्रश्नोत्तरे राहिली. ती राहिलीच, कारण वेळ नव्हता. जी थोडी झाली त्यांत माइक नेहमीच्या तीन ज्येष्ठांकडे गेला. त्यांना प्रश्न नव्हता, ‘एक निरीक्षण’ होते. २०१८मध्ये दहा देशांतल्या सुमारे अडीचशे व्याख्यानांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात श्रोत्यांतल्या पुरुषांच्या मानाने बायकांनी विचारलेले प्रश्न कितीतरी कमी होते, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की हे अंतर आणखी वाढत होते. संशोधकांचा सल्ला साधा: वेळ द्या, आणि पहिला प्रश्न नेहमीच्या माणसाला देऊ नका. फोनवरून प्रश्न पाठवून, जास्त लोकांना हवा असलेला वर आणायची सोय आता सगळीकडे मिळते. नसेल जमत तर चिठ्ठ्या. आमच्या व्याख्यानमाला चिठ्ठ्यांवर चालत आल्या आहेत.

आणि आता पूल. पहिल्या दिवशी सर्वांत शेवटी नांदेडकडची एक तरुण अभियंता बोलायला उभी राहिली. विषय होता जुन्या दगडी पुलांची पाण्याखालची तपासणी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या, हे या महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही. पुलाच्या पायाजवळची माती पाणी कशी खरवडून नेते आणि वरून धडधाकट दिसणारा खांब खालून कसा निराधार होतो, हे ती सांगणार होती. तिने नदीत उतरून मोजमापे घेतलेली होती. कार्यक्रमात तिला वीस मिनिटे होती. आपण सात दिलीत. चौथ्या मिनिटाला सूत्रसंचालकांनी तिच्या हातात चिठ्ठी ठेवली, पाचव्याला भिंतीवर पुन्हा टाइल्स आल्या, आणि सातव्याला ‘वेळेअभावी’ तिला थांबवून प्रायोजक प्रतिनिधींचा सत्कार झाला. त्या सत्काराला अठरा मिनिटे लागली. शाल सापडत नव्हती.

अभिप्रायाचा क्यूआर कोड आपण भिंतीवर दाखवलात, पण फोन बाहेर काढेपर्यंत तो गेला. म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षीची तयारी सुरू झाल्याचे कळले आहे, भिंत आणखी मोठी घेणार असेही. घ्या. पण समितीत एका माणसाला एवढेच काम द्या, की आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत, कानात कापसाचा बोळा घालून, एकदा चाकाच्या खुर्चीतून आणि एकदा सुती कपड्यांत बसायचे आणि काय दिसते, काय ऐकू येते ते लिहून आणायचे. त्यानंतर भाड्याची यादी करा. सत्कार शेवटी ठेवा. ज्यांना शाल हवी ते थांबतील.

आणि त्या मुलीला पहिल्या दिवशी, पहिल्या सत्रात, पूर्ण वीस मिनिटे द्या. तिचा निबंध मी मागवून वाचला आहे, प्रत सोबत जोडली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका पुलाचे नाव त्यात पान चारवर आहे. पावसाळ्याआधी वाचावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वर्गणीदार अभियंता